काळ्या कागदातला चेहरा: कात्रीने छायाकृती कापायला शिकताना

माणसाला बाजूने बघायचं, कपाळापासून गळ्यापर्यंतची त्याची कड काळ्या कागदातून कात्रीने कापायची आणि पांढऱ्या कागदावर चिकटवायची. छायाकृती म्हणजे एवढंच. डोळा नाही, रंग नाही, छटा नाहीत, आणि तरी घरातलं पोर लांबूनच ओरडतं, "ही तर आत्या!" अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या पहिल्या काही दशकांत युरोप-अमेरिकेत ज्यांना तैलचित्र परवडत नव्हतं त्यांचं पोर्ट्रेट हेच होतं. १८३९ मध्ये फोटोग्राफी जगापुढे आली आणि हा धंदा हळूहळू बसला. कात्रीवाले मात्र पुरते संपले नाहीत. इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यांवर, जत्रांमध्ये, अमेरिकेतल्या डिस्नेलँडच्या मेन स्ट्रीटवर ते पुढेही चेहरे कापत राहिले.

हा लेख ज्यांनी आजवर एकही चेहरा कापलेला नाही त्यांच्यासाठी आहे. चित्रकला येत नसेल तर बिघडत नाही. उलट चित्रकला येणाऱ्यांना एक खोड असते: डोळा दिसला की काढावासा वाटतो. इथे तो काढायचाच नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. सगळे नवशिके नाकावर मेहनत घेतात, पण ओळख नाकात नसते. ती नाकाच्या बुडापासून हनुवटीच्या टोकापर्यंतच्या चार बोटांच्या भागात असते. कागदावर हा भाग जेमतेम दोन सेंटिमीटर भरतो. नाक थोडं लांब-आखूड झालं तरी माणूस ओळखू येतो. वरचा ओठ चुकला की तोच माणूस कुणीतरी तिसराच होतो. पुढची सगळी खटपट या दोन सेंटिमीटरसाठी आहे असं धरून चाला.

१. सामान जमवा

कात्री: इथे काटकसर नको. एकूण लांबी चार ते पाच इंच, पाती आखूड, सरळ आणि टोकदार. भरतकामाची चांगली कात्री चालते. त्याहून उत्तम म्हणजे सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळणारी साडेचार इंची 'आयरिस' कात्री. ती सरळ आणि बाकदार अशी दोन्ही मिळते, तेव्हा सरळ पात्याची मागून घ्या. नखं कापायची बाकदार कात्री वापरावीशी वाटेल, कारण चेहऱ्यात सगळी वळणंच असतात. वापरू नका, सरळ रेष लागते तिथेही ती वळते. विकत घेताना ओला टिश्यू पेपर नुसत्या टोकाने कापून बघा. टोकाशी कागद चघळला गेला तर ती कात्री परत ठेवा. आणि एकदा घेतली की ती फक्त या कामाची. दुधाची पिशवी कापायला घरात कुणीही उचलणार नाही अशा जागी ठेवा. धार गेली तर रस्त्यावरच्या धारवाल्याकडे देऊ नका, त्याच्या चाकावर पहिलं जातं ते टोकच.

कागद: शाळेतल्या हस्तकलेचा काळा घोटीव कागद सरावाला उत्तम आहे. स्वस्त असतो आणि मागची बाजू पांढरी असल्याने पेन्सिलीने आखता येतं. पण तो चकाकतो, आणि कापलेल्या कडेला पांढरी किनार डोकावते. पक्क्या कामासाठी ८० ते १२० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), चकाकी नसलेला काळा कागद घ्या. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा तुमच्या गावातल्या कुठल्याही बऱ्या आर्टच्या दुकानात काळा टिंटेड पेपर मागा. कार्डशीट जाड पडते, वळणावर कात्री अडते. हँडमेड कागदाचे धागे सुटतात आणि ओठ केसाळ दिसतो. जे जर्मनीत किंवा स्वित्झर्लंडमध्ये राहतात त्यांचं काम सोपं आहे. तिथे कागदकापणीची परंपरा अजून जिवंत असल्यामुळे समोरून काळा, मागून पांढरा असा खास कागद हस्तकलेच्या दुकानात मिळतो.

बाकी सामान: पांढरा किंवा किंचित पिवळसर जाड कागद (आयव्हरी शीट चालेल, ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसल्याने लवकर पिवळा न पडणारा, मिळाला तर अधिक चांगला), एचबी आणि टूबी पेन्सिल, खोडरबर, ग्लू स्टिक, बारीक चिमटा, बटर पेपर, एक जड पुस्तक आणि कोरडा रुमाल. घामेजल्या हाताला काळा रंग लागतो आणि तोच हात पुढे पांढऱ्या कागदाला लागतो, म्हणून रुमाल.

कटर या यादीत नाही. कटरने कापलेली कड जिथे हात थांबतो तिथे मोडते, कात्रीची रेष सलग येते. डोक्याच्या आकाराची खिडकी पाडायची असेल तेव्हाच कटर काढा. तो प्रकार पुढे येईल.

२. पद्धत निवडा

रस्ते तीन आहेत: भिंतीवरची सावली गिरवून कापणं, फोटोवरून कापणं आणि नुसत्या नजरेने थेट कागद कापणं. तिन्ही जुने आहेत. फोटोच्या जागी पूर्वी यंत्र होतं, इतकाच फरक.

झुरिकचा पाद्री योहान कास्पार लाव्हाटर याने १७७५ ते १७७८ या काळात चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्यावर मोठा ग्रंथ काढला. स्वभावाचा भाग सोडून द्या, त्यात दम नाही. पण त्याने सावली गिरवायला वापरलेली खुर्ची शहाणपणाची होती. खुर्चीच्या एका बाजूला उभी चौकट, चौकटीवर तेल पाजलेला पातळ कागद, दुसऱ्या बाजूला मेणबत्ती. माणूस मध्ये बसतो आणि गिरवणारा चौकटीच्या पलीकडून सावलीची कड आखतो. डोकं हलू नये म्हणून आधारही असे.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला चित्रकार चार्ल्स विल्सन पील याच्या संग्रहालयात १८०२ च्या सुमाराला यंत्र आलं. पितळेची बारीक पट्टी खऱ्या चेहऱ्याच्या कडेवरून फिरवायची, आणि जोडलेल्या दांड्या तीच रेष लहान करून घडी घातलेल्या पांढऱ्या कागदावर उमटवत. पुढचं काम मोझेस विल्यम्सचं. तो पीलच्या घरात गुलाम म्हणून वाढला, १८०२ मध्ये मुक्त झाला आणि याच यंत्राशेजारी बसून चेहरे कापू लागला. कागदाच्या दोन घड्या असल्याने एका कापणीत चार प्रती निघत. दर आठ सेंट. या कमाईवर त्याने स्वतःचं घर घेतलं. यंत्राची रेष नुसती खूण असते, केसांची बट आणि पापणीचा टोक कात्रीवाल्यालाच आणावा लागतो. तुम्ही फोटो गिरवणार असाल तेव्हाही हेच लागू आहे.

तिसरी, नुसत्या नजरेची पद्धत शेवटी शिका. सुरुवात फोटोने करा. सावली एकदा तरी करून बघा, कारण तिच्यातून नजर तयार होते.

३. माणूस नीट बसवा

निम्म्याहून जास्त छायाकृती कापताना बिघडत नाहीत, बसवताना बिघडतात. म्हणून इथे घाई नको.

खुर्ची सरळ पाठीची हवी. सोफा नको, त्यात माणूस रुततो आणि मान पुढे येते. समोरच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला कॅलेंडर टांगा आणि त्यातल्या एखाद्या तारखेकडे बघायला सांगा. "सरळ बघा" असं सांगितलं की लोक हनुवटी वर करतात. तारीख दिली की करत नाहीत.

डोकं बरोबर आहे का हे बघायची खूण: कानाच्या भोकापासून डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेपर्यंत मनात रेघ ओढा. ती जमिनीला समांतर हवी. हनुवटी वर गेली की माणूस गर्विष्ठ दिसतो, खाली गेली की दुहेरी हनुवटी येते. पन्नाशीपुढच्या कुणालाही ही दुसरी गोष्ट आवडत नाही आणि दोष मात्र कात्रीला जातो.

तोंड मिटलेलं, दात एकमेकांवर सैल टेकलेले, ओठ ढिले. हसू नका म्हणून सांगा. हसलं की ओठ ताणून सपाट होतात आणि आपला मोलाचा भागच पुसला जातो. "म" म्हणायला सांगून तिथेच थांबवलं तर ओठ आपसूक जागेवर येतात.

चष्मा? रोज लावणारे असतील तर राहू द्या. काच दिसत नाही, पण नाकाच्या मुळाशी फ्रेमचा बारीक टोक बाहेर येतो आणि त्यावरून माणूस ओळखतात. केस मोकळे सोडलेल्या बाईला एका बाजूचे केस कानामागे घ्यायला सांगा, नाहीतर जबडा आणि गळा केसांत बुडतो आणि मान कुठे सुरू होते तेच कळत नाही.

लहान मुलं बसत नाहीत. त्यांचा फोटोच घ्या.

४. कड कागदावर उतरवा

फोटोवरून: माणसाच्या मागे उजेड हवा. खिडकी किंवा पांढरी, उजळलेली भिंत चालेल. फोन त्याच्या कानाच्या उंचीवर, अडीच-तीन मीटर लांब धरा आणि झूम करा. जवळ जाऊन काढू नका. फोनच्या रुंद भिंगात जवळची वस्तू फुगते, आणि तुम्ही काटकोनात नसाल तर एक डोळा किंवा गालाचं हाड कडेबाहेर येतं. खरी बाजू मिळाली की पलीकडची पापणी अजिबात दिसत नाही. हीच परीक्षा. फोटो असा छापा की डोक्याची उंची, म्हणजे टाळूपासून हनुवटीपर्यंत, सात ते आठ सेंटिमीटर येईल. याहून लहान डोक्यात ओठ कापणं पहिल्या वर्षी जमत नाही. याहून मोठं केलं तर प्रत्येक थरथर दिसते.

सावलीवरून: खोली काळोखी करा. दिवा एकच आणि लहान हवा. मेणबत्ती किंवा फोनची टॉर्च चालते. ट्यूबलाइटची सावली कडेला धूसर होते, कारण उजेड लांबलचक नळीतून येतो. दिवा भिंतीपासून दोन मीटरवर आणि डोकं भिंतीपासून तीस सेंटिमीटरवर ठेवलंत तर सावली खऱ्या डोक्याच्या साधारण १.१८ पट येते आणि कड स्पष्ट राहते. दिवा साठ सेंटिमीटरवर आणलात तर सावली दुप्पट आणि कडेला धूसर. दिव्याची उंची नाकाएवढी. भिंतीला मोठा कागद लावा आणि कड एका दमात गिरवा. लहान करण्यासाठी त्यावर चौकटी पाडा, किंवा सरळ फोटो काढून छापा. पूर्वीचे लोक यासाठी पँटोग्राफ, म्हणजे रेष लहान-मोठी करून उतरवणारी जोडदांड्यांची चौकट, वापरत. घरात असलाच तर जरूर काढा, मजा येते.

आता छापलेल्या कागदाच्या मागे टूबी पेन्सिल घासा आणि काळ्या कागदाच्या पांढऱ्या पाठीवर रेष गिरवा. काळा टिंटेड पेपर दोन्हीकडून काळा असेल तर छापील कागदच दोन ठिकाणी स्टेपल करा, चेहऱ्याच्या बाहेर, आणि दोन्ही एकत्र कापा.

इथला सापळा: पांढऱ्या पाठीवर उजवीकडे बघणारा चेहरा काळ्या बाजूने डावीकडे बघतो. एकट्या माणसाचं फारसं बिघडत नाही. पण नवरा-बायकोची जोडी करत असाल तर दोघं एकमेकांकडे पाठ करून बसतील. लग्नाच्या वाढदिवसाची भेट असेल तर आधी विचार करा.

५. चेहऱ्याला हात लावण्याआधी कात्री

अंगठा एका कडीत, अनामिका दुसऱ्या कडीत, तर्जनी पात्यांच्या सांध्यावर टेकवलेली. शल्यचिकित्सक कात्री अशीच धरतात. कोपर अंगाला लावून ठेवा.

आता मुख्य नियम: कात्रीचा हात हलत नाही, कागदाचा हात फिरतो. कात्री जागच्या जागी उघड-मीट करते आणि दुसरा हात कागद तिच्या तोंडात वळवत देतो. शिलाईमशीनवर कापड सरकवतात तसं. वळणावर मनगट फिरवायचा मोह होईल. कागद फिरवा.

दुसरा नियम: पाती पूर्ण मिटू नका. पूर्ण मिटली की टोकाशी बारीक काप राहतो, आणि पुढची उघड तिथून सुरू झाली की कडेला दाता पडतो. पाऊण मिटा, पुढे सरका, पुन्हा उघडा. लांब रेषा पात्याच्या मधल्या भागाने, बारीक कोपरे टोकाने.

सरावाला घोटीव कागदावर एस आकाराची वळणं, गोगलगाईसारखी चक्रं आणि करवतीचे दाते कापा. चक्र एकसंध, कोपरे न पडता निघायला लागलं की चेहऱ्याकडे या. हात थरथरतो म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मार्था ॲन हनीवेल नावाची जन्मतः हात नसलेली बाई तोंडात कात्री धरून लोकांच्या छायाकृती कापत असे आणि गावोगावी फिरून त्यावर पोट भरत असे.

६. चेहरा कापा

आधी रेषेबाहेर एक सेंटिमीटर जागा सोडून बाकीचा कागद कापून टाका. मोठा कागद हातात फिरत नाही.

उजव्या हाताने कापणाऱ्यांनी घड्याळाच्या उलट दिशेने जायचं. म्हणजे आकार डाव्या हातात राहतो आणि कातरण उजवीकडे पडतं. समोर दिसणारा चेहरा उजवीकडे बघत असेल तर छातीपासून सुरू करून गळा, हनुवटी, ओठ, नाक असं वर जा. डावीकडे बघत असेल तर कपाळापासून खाली या. डावऱ्यांनी सगळं उलट करायचं, आणि कात्रीही डावरी घ्यायची.

छायाकृतीत कागद काढता येतो, जोडता येत नाही. म्हणून पहिल्या फेरीत रेषेच्या केसभर बाहेरून कापा. दुसऱ्या फेरीत खरवडल्यासारखं आत या.

गळा: इथे सगळे उभी नळी कापतात. मान उभी नसते, ती खांद्यांपासून पुढे झुकलेली असते. समोर गळ्याचा खड्डा खाली असतो आणि मागे मानगूट बरंच वर सुरू होतं. पुरुषाचा कंठ अगदी हलक्या फुगवट्याने दाखवा, टोक आणू नका.

हनुवटी: खालून येताना जबड्याची रेष आणि हनुवटीचा गोळा यांच्यामध्ये किंचित सपाट भाग असतो. तो खाल्ला तर चेहरा बाहुलीचा होतो. हनुवटीचा गोळा कुठपर्यंत पुढे आलाय हे कपाळाशी ताडून बघा. पट्टी उभी धरली की कुणाची हनुवटी पट्टीच्या मागे राहते, कुणाची पुढे येते. हे एक माप चुकलं तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही.

ओठ: खालच्या ओठाखालचा खळगा हनुवटीएवढाच महत्त्वाचा. काहींचा तो खोल असतो, काहींच्यात नुसता उतार. खालच्या ओठाच्या फुगवट्यावरून दोन ओठांच्या फटीपर्यंत या आणि थांबा. तिथे कागद गर्रकन वळवून पुढे जाऊ नका. कात्री बाहेर काढा, कातरणाच्या बाजूने पुन्हा आत या आणि वरच्या ओठाची रेष फटीत येऊन भेटू द्या. दोन काप एकमेकांना भेटले की कोपरा स्वच्छ राहतो. वळवलात तर गोल होतो आणि माणूस बोळका दिसतो.

बहुतेकांचा वरचा ओठ खालच्या ओठाच्या किंचित पुढे असतो. किंचित म्हणजे कागदावर अर्धा मिलिमीटर. दात पुढे असलेल्यांचा जास्त, कवळी काढलेल्या आजोबांचा उलट आत. नाकापासून वरच्या ओठापर्यंतची जागा सरळ उतरते की आत वळते, लांब आहे की आखूड, ते दर माणसाला वेगळं असतं, आणि घरोघरी वारशाने येतं. एकाच घरातल्या तीन पिढ्या शेजारी कापून ठेवा, तीच रेष तिघांत दिसेल.

नाक: बुडाची रेष आडवी असते की वर चढणारी, ते बघा. टोक गोल ठेवा. नाकाचा दांडा खालून वर एका ओघात कापा. थांबलात तर तिथे हाड मोडल्याचा उंचवटा येतो.

नाकाचं मूळ आणि भुवई: इथे खळगा फार खोल करायची चूक सार्वत्रिक आहे. आपल्याकडच्या बऱ्याच चेहऱ्यांत तो उथळ असतो. पापणी दाखवायची असेल तर एकच बारीक टोक, तेही जिथे खरंच बाहेर येतं तिथे.

डोकं: कपाळापासून मागे जाताना बहुतेक जण डोकं चपटं करतात. बाजूने बघितलं तर डोक्याची खोली त्याच्या उंचीच्या जवळपास असते. डोळा उंचीच्या बरोबर मध्यावर येतो, म्हणजे वरचा अर्धा भाग नुसता कपाळ आणि केस. लहान मुलांत मागचा भाग आणखी मोठा, कपाळ पुढे, हनुवटी मागे. मूल मोठ्या माणसासारखं दिसायला लागलं तर हनुवटी थोडी कापून आत घ्या.

झालं की कागद उलटा धरा, खालचं वर. उलट्या चेहऱ्यात मन नाव शोधत नाही, नुसता आकार बघतं. मग कातरणही बघा. चेहऱ्यात न दिसलेली चूक उरलेल्या कागदाच्या कडेत दिसते.

चूक सापडली तर? नाक जास्त कापलं गेलं असेल तर कपाळ, ओठ आणि हनुवटी तेवढेच आत घ्या. आपलं प्रमाण एकमेकांशी असतं, पट्टीशी नव्हे. ओठ गेला असेल तर नवा कागद घ्या.

७. केस, नथ, पगडी

संग्रहालयांतल्या जुन्या छायाकृतींत एकेक केस सुटा दिसतो आणि नवशिका हबकतो. हबकू नका. इंग्लंडचा जॉन मायर्स किंवा इझाबेला बीथम यांची असली कामं कापलेली नाहीत, रंगवलेली आहेत. मायर्स प्लास्टरवर आणि हस्तिदंतावर काम करायचा, बीथम काचेवर. ब्रशचं काम कात्रीने करायला गेलात तर कागद फाटेल.

केसांची बाहेरची कड एकसंध कापा आणि मग दोन-तीन ठिकाणीच बारीक काप द्या: कपाळावरची बट, मानेवरचे सुटे केस, अंबाड्यातून निसटलेली एखादी बट. अंबाडा डोक्याला चिकटतो तिथली खाच नीट आली की बाकी सोपं. गजरा खालीवर दातेरी कडेने कळतो, फुलं मोजत बसू नका. कुरळ्या केसांत लहानमोठी वळणं द्या. सगळी सारखी झाली तर लोकर दिसते.

नथ हा खास आपला प्रश्न. बाजूने ती ओठांवर लोंबते आणि नेमकी तीच जागा झाकते. नववधूची छायाकृती कापताना मी नथ ठेवते, पण मोती वेगळा न कापता एकच लहान गोळा नाकपुडीखाली सोडते, आणि ओठाची रेष त्याच्या मागे मोकळी ठेवते. मोठी पेशवाई नथ असेल तर ती काढून कापा.

पगडी, फेटा, गांधी टोपी यांच्यासाठी कात्रीवाल्याने आनंद मानावा. एका कडेत माणूस उभा राहतो. टोपीची पुढची टोकदार धार आणि कपाळ यांच्यातला कोन तेवढा बघा. टोपी डोक्यावर बसलेली हवी, ठेवलेली नको.

८. छाती कुठे संपवायची

पोर्ट्रेट खाली कुठेतरी थांबवावं लागतं. ती शेवटची रेष म्हणजे तुमची सही. जुन्या छायाकृतींचे जाणकार सही नसलेलं काम कुणाचं ते या रेषेच्या वळणावरून ओळखू पाहतात. छातीपासून आत जाणारी, खांद्यापाशी बाहेर येणारी एक सलग वळणदार रेष ठरवा आणि तीच दर वेळी कापा. सरळ आडवी रेष टाळा, माणूस टेबलावर ठेवल्यासारखा दिसतो.

९. चिकटवा, किंवा खिडकी पाडा

फेव्हिकॉल नको. पाणी कागदात शिरतं आणि चेहऱ्याला सुरकुत्या येतात. ग्लू स्टिक मागच्या बाजूला मधून कडेकडे लावा. पापणी आणि बटा कोरड्या राहिल्या तरी चालतील. चिमट्याने उचला, आधी डोकं टेकवा, वर बटर पेपर ठेवून मधून बाहेर हलक्या हाताने दाबा. रात्रभर पुस्तकाखाली. बाइंडिंगवाले वापरतात ती खळ सुंदर चिकटते, पण झुरळांनाही ती आवडते.

दुसरा प्रकार पीलच्या संग्रहालयात चालायचा तो: पांढऱ्या कागदातून डोकं कापून काढून टाकायचं आणि रिकाम्या जागेमागे काळा कागद किंवा काळं कापड लावायचं. इथे कातरण ठेवायचं आणि डोकं फेकायचं, एरवीच्या बरोबर उलट. याच कामासाठी कटर लागतो. नवशिक्याला हा जरा सोपा जातो, कारण पांढऱ्या कागदाला चुरगळायला फारशी जागा नसते.

१०. नुसत्या नजरेने

फोटोवरचे चेहरे हातात बसले की पेन्सिल बाजूला ठेवा. या पद्धतीतला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे ओग्युस्त एदुआर, जन्म १७८९, डंकर्कचा फ्रेंच. इंग्लंडमध्ये राहत असताना एका घरी त्याला यंत्राने केलेल्या छायाकृती दाखवल्या गेल्या. त्याने त्यांना नावं ठेवली, तर घरच्यांनी "मग तुम्हीच करून दाखवा" म्हणून डिवचलं. त्याने कात्री उचलली, त्या घरातल्या वडिलांचा चेहरा पांढऱ्या कागदात कापला आणि काजळीने काळा केला. पुढे त्याचा तोच व्यवसाय झाला. तो उभी माणसं कापत असे, नखशिखांत, आणि सोनेरी रंगाचे फटकारे मारून सजवणाऱ्यांचा त्याला तिटकारा होता. मला तो याबाबतीत पटतो. काळं ते काळंच राहू द्या.

कापण्याआधी तीन गोष्टी मनात पक्क्या करा: कपाळ ते हनुवटी ही रेष सरळ आहे की मध्ये फुगते, नाकाची लांबी आणि नाकाखालचा भाग यांत मोठं कोण, मानगूट कुठे आत वळतं. मग कात्री चालू ठेवा आणि नजर माणसावर. कागदाकडे बघत राहिलात तर चेहरा तुमच्या कल्पनेतला निघतो. तरबेज लोक एक-दोन मिनिटांत चेहरा पुरा करतात. तुम्ही घड्याळ लावू नका. समोरचा कंटाळला की ओठ बदलतात, एवढंच ध्यानात ठेवा.

दोन प्रती हव्या असतील तर काळी बाजू वर ठेवून दोन सुटे कागद एकावर एक घ्या. कागद दुमडलात तर दोन चेहरे विरुद्ध दिशांना बघतील. जोडीच्या फ्रेमसाठी कधीकधी तेच हवं असतं.

११. फ्रेम आणि पाठीवरची नोंद

काच कागदाला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, हवा. पावसाळ्यात काचेला दमट हवा धरते आणि चिकटलेल्या कागदावर बुरशी चढते. फ्रेमची पाठ ब्राऊन टेपने बंद करा आणि शक्य असेल तर फ्रेमिंग उन्हाळ्यातच उरकून घ्या. ऊन थेट पडेल अशी भिंत नको, काळा रंग तपकिरी होत जातो.

चिकटवण्याआधी पाठीवर नाव, वय, गाव आणि तारीख लिहा. एदुआर हे न चुकता करायचा. कागद दुमडून कापायचा, एक प्रत गिऱ्हाइकाला, दुसरी स्वतःच्या वहीत, खाली नाव, ठिकाण, दिवस. १८३९ ते १८४९ तो अमेरिकेत फिरला. परतताना त्याचं जहाज गर्न्सी बेटाजवळ फुटलं आणि बऱ्याचशा वह्या समुद्रात गेल्या. वाचलेल्या वह्यांतली माणसं आज नावानिशी ओळखता येतात ती या नोंदींमुळे. बाकी असंख्य जुन्या छायाकृती कुणाच्या, ते कुणालाच ठाऊक नाही. लिहिताना एचबी पेन्सिल घ्या आणि हात हलका ठेवा. बॉलपेनने लिहिलेलं पातळ कागदातून पुढे उठतं आणि गालावर अक्षरं दिसतात.